खंडेनवमीचा डाग

बळवंतराव,

तुम्हाला नावानं हाक मी कधी मारली नाही. तुम्ही माझ्या मुलीचे सासरे. इतकी वर्षं माझं 'अहो व्याही'वर भागलं आणि तुमचं 'विहीणबाई'वर. आज लिहायला बसले तर 'व्याही' या शब्दापाशी हात अडला. तो शब्द समोर माणूस बसलेला असताना म्हणायचा. म्हणून नाव लिहिलं. तुम्ही असता तर मिशीत हसून म्हणाला असता, "लई धीट झालासा की, विहीणबाई."

आज शुक्रवार. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली आणि गेटबाहेर येताच मी सवयीनं डावीकडे पाहिलं. तिथे तुमची पांढरी गाडी उभी असायची. पुढच्या काचेला उन्हाचा पडदा, आत एसी चालू, आणि तुम्ही फोनवर साताऱ्याकडच्या बातम्या वाचत बसलेले. आज तिथे दुसऱ्या कुणाची गाडी होती. मी जेराल्डच्या गाडीत बसले. त्यानं विचारलं, "मम्मी, घरी?" शुक्रवारी मिस्सेनंतर मला असं विचारायची वेळ माझ्या मुलावर कधी आली नव्हती.  दोह्यातला अल सद्दचा सिग्नल आला तेव्हा मी 'घरी' म्हणाले.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत आपली नातवंडं, मीरा आणि नील. मेलबर्नला त्यांची आई, शेरल, त्यांना वाचून दाखवील. ती दोघं मराठीत ऐकतील आणि इंग्रजीत प्रश्न विचारतील. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मला नीट सांगाव्या लागणार. ऐकून घ्या. मध्येच "ह्ये कशाला" म्हणू नका.

त्यांना तुमच्याबद्दल थोडंच ठाऊक आहे. आबा आधी सैन्यात हत्यारांची दुरुस्ती करायचे, मग दुखानला तेलाच्या कंपनीत मशिनं सांभाळायचे, आणि म्हातारपणी दोह्यात 'बंदुकांचं काहीतरी' करायचे. नीलनं शाळेत सांगितलं होतं की त्याचे आजोबा कतारमध्ये 'गनमॅन' आहेत. बाईंनी शेरलला बोलावून घेतलं होतं. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चहा शर्टावर सांडला. "न्हाई म्हणू नगा त्याला," म्हणालात. "तेवढीच माझी इज्जत ऱ्हाईल वर्गात."

तर नील, तुझे आबा बंदूक चालवत नसत. ते बंदूक बघत.

इथल्या एका कतारी गृहस्थांना जुन्या शिकारी रायफलींचा नाद आहे. अबू नासेर म्हणतात त्यांना, म्हणजे नासेरचे वडील. त्यातही त्यांना हौस एका विशिष्ट प्रकारची. परदेशातले कारखाने काही निमित्त धरून, आपली शंभरी भरली, एखाद्या राज्याची शंभरी भरली की, नेहमीचीच रायफल नटवून काढत. तिला सोन्याचा मुलामा, नळीवर कोरीव अक्षरं, लाकडी दस्त्यात बसवलेलं पदक, आणि छापील पुठ्ठ्याची पेटी. शिकारीसाठी ती कुणीच घेत नसे. आठवण म्हणून घ्यायची आणि कपाटात ठेवायची. तुम्ही त्यांना 'रुखवतातल्या बंदुका' म्हणत होता. लग्नात मांडायचं, लोकांनी बघायचं, पुन्हा झाकून ठेवायचं. त्यात शिजवायचं कुणी नाही.

लोकांना वाटे, सोनं आहे, जुनी आहे, म्हणजे केवढी मोलाची. अबू नासेरचे दोस्त मोठ्या आशेनं आपापली पेटी घेऊन येत. तुम्ही त्यांना तुमच्या दुखानच्या हिंदीत समजावत होता की साहेब, ही तुम्ही जपली तशी सगळ्यांनीच जपली. जी वस्तू सगळ्यांनी जपली ती दुर्मीळ कशी होणार? मग फरक पडतो बारीक गोष्टींनी. मूळची पेटी आहे का? पेटीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळतो का? सोबतचे कागद आहेत का? मुलामा कापडानं घासून पातळ केलाय का? दुर्बीण बसवायला कुणी शहाण्यानं जास्तीची भोकं पाडलीत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्यातून कधी बार झालाय का?

आणि तुमचा पहिला नियम: हात मागं. टेबलावर पेटी उघडली की दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसतं बघायचं. मग सुती हातमोजे. मग भिंग. आणि पहिल्यांदा सोनं बघायचं नाही, पदक बघायचं नाही, स्क्रू बघायचे. स्क्रूच्या खाचेची कड दुखावलेली असली की समजावं, इथे कुणीतरी आत शिरलं होतं.

शेरलला बघायला आमच्या घरी आलात तेव्हाही तुम्ही असेच हात मागे बांधून हॉलमध्ये उभे होता. मला वाटलं, माणूस रुसलेला आहे. वसईची ख्रिस्ती मुलगी, साताऱ्याकडचा मराठा मुलगा. तुमच्या गावी काय काय बोलणं झालं असेल ते मला दिसत होतं. सुमनताई, तुमच्या मिसेस, एकट्याच बोलत होत्या. तुम्ही फक्त म्हणालात, "घर चांगलं हाय." पुढे कितीतरी वर्षांनी गाडीत सांगितलंत, "तुमच्या स्विचबोर्डाच्या समद्या स्क्रूंच्या खाचा उभ्या हुत्या. एकबी वाकडी न्हाई. म्हटलं, ह्या घरात कुणीतरी माणूस हाय." ते स्क्रू मी पिळलेले होते. माझ्या नवऱ्याला त्याचं आयुष्यभर हसू यायचं. तुम्ही पहिले, ज्यांना ते दिसलं.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी तुम्ही एक कागद घेऊन माझ्याकडे आलात. मी शाळेच्या ऑफिसातून नुकती निवृत्त झाले होते. अबू नासेरनी काही रायफली विकायला काढल्या होत्या. त्यांचं वर्णन तुम्ही इंग्रजीत करून पाठवलं होतं, आणि घेणाऱ्यानं उलट विचारलं होतं की तुम्ही प्रत्येकीला 'गुड' लिहिलंय, मग वाईट कुठली?

"समद्या गुडच हुत्या," तुम्ही म्हणालात.

"एक शब्द सगळ्यांना लावला की तो कुणालाच लागत नाही," मी म्हणाले.

तुम्ही कागद माझ्यापुढे सरकवलात. "मग तुमीच लिवा की."

तिथून आपले शुक्रवार सुरू झाले. तुम्ही मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत लिहायचं. अबू नासेरच्या त्या थंडगार खोलीत आपण शब्दांच्या पायऱ्या ठरवल्या, आणि एक पायरी चुकली की तुम्ही भांडत होता. आठवतं, पहिलं मोठं भांडण कशावरून झालं? तुम्ही सांगितलंत, "लिवा, कधी बार झालेला नाही." मी पेन खाली ठेवलं.

"पन्नास वर्षं तुम्ही तिच्याजवळ हजर होता का?"

"म्हंजे?"

"हजर नव्हता, तर 'बार झालेला नाही' असं कसं लिहिणार? 'बार झाल्याची खूण दिसत नाही' एवढंच लिहिता येईल."

"त्येच की ते!"

"तेच नाही."

 पुढच्या शुक्रवारी गाडीत बसता बसता म्हणालात, "खूण दिसत नाही. लिवा बाई." तेव्हापासून कुणी काही छातीठोक सांगू लागलं की तुम्ही माझ्याकडे मान करून विचारायचात, "हजर हुता का?" अबू नासेरनाही तो शब्द कळू लागला होता. तेही हसत "हाजिर?" म्हणायचे.

आणि तो सोनेरी दस्त्याचा माणूस! मीरा, हे तुझ्यासाठी. एका गृहस्थांनी आपल्या रायफलीचा मुलामा फिका पडला म्हणून सोन्याच्या बाजारात नेऊन तिला नवं, अस्सल सोनं चढवून आणलं. वर लाकडी दस्त्यालाही सोनेरी रंग. ते चमकत आत आले. तुझे आबा हात मागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मला मराठीत म्हणाले, "विहीणबाई, नवरीला दुसऱ्यांदा हळद लावलीय वो." मी हसू दाबलं. त्या गृहस्थांनी विचारलं, "मदाम काय म्हणते?" आबा गंभीरपणे म्हणाले, "मदाम बोलती है, बहुत खर्चा किया." मग त्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात खरं सांगितलं: जे मूळचं होतं ते गेलं, आता परत येणार नाही. त्या माणसाचा चेहरा उतरला. बळवंतराव, परतताना गाडीत त्याचं तुम्हालाच वाईट वाटत होतं. जुन्या वस्तूबद्दल तुमचं एकच पालुपद होतं, आणि ते मी प्रत्येक वर्णनाच्या शेवटी लिहीत आले: साफ करू नये.

काम झालं की बिन महमूदच्या त्या चहाच्या खिडकीपाशी गाडी थांबवून तुम्ही एकदा हॉर्न वाजवायचात. तिथला मुलगा कागदी पेल्यांतून करक, तो दाट उकळलेला चहा, आणून द्यायचा. तुमच्यात साखर नको असं मी रोज सांगायचे आणि तुम्ही रोज "यल्ला, यल्ला" म्हणून ते झटकायचात. सुमनताई गेल्या, त्याआधी माझे हे गेले, आणि माझी शेरल, तुमचा विक्रम तिकडे मेलबर्नला. आपण दोघांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. व्याही-विहिणीनं काय बोलावं आणि काय बोलू नये, हे आपल्या दोघांच्याही घरी चांगलं शिकवलेलं होतं. आपण दस्त्यांबद्दल बोललो, नळ्यांबद्दल बोललो, नातवंडांच्या दातांबद्दल बोललो. त्या गाडीत माझा आठवडा सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते.

आता या वर्षीचं.

मीरा, नील, दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी तुमच्या आबांच्या घरी हत्यारांची पूजा. ज्या वस्तूंवर पोट चालतं त्या पुसून मांडायच्या, कुंकू लावायचं, फूल वाहायचं. आबांच्या पाटावर असायचे स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, भिंग, आणि माझं पेन. मला शाळेनं निरोपाच्या दिवशी दिलेलं काळं फाउंटन पेन, नाव कोरलेलं. "ह्ये तुमचं हत्यार," असं म्हणून आबा दर वर्षी ते मागून घेत. पूजा झाली की मी ते पुसून पर्समध्ये टाकायचे. कुंकू बोटांना लागतं, आणि बोटांचं कागदाला. ते म्हणायचे, "पुसा, पुसा. लावणं माझं काम, पुसणं तुमचं."

या वर्षी तुमचं हृदय दमलं होतं, बळवंतराव. पिशवी उचलून जिना चढवत नव्हता म्हणून हत्यारं अबू नासेरच्या खोलीतच राहिली होती. तुम्ही म्हणालात, पूजा तिथंच उरकू. मी चहाचे कप धुवायला आत गेले. परत आले तर तुम्ही बूट काढून अनवाणी उभे होता. टेबलावर पांढरा नॅपकिन, त्यावर ओळीनं सगळं मांडलेलं, झेंडूच्या पाकळ्या. आणि शेजारी पेटीतून काढलेली ती रायफल, संग्रहातली सगळ्यात वरची, पेटी, कागद, नंबर सगळं जुळणारी. तुमचं बोट तिच्या नळीवर होतं. उघडं बोट, कुंकवाचं.

"अहो! हातमोजे!"

तुम्ही वळला नाहीत. "थांबा वाईच."

"हे काय केलंत? हात चुकला ना?"

"हात चुकला न्हाई. लावलं म्हणतोय न्हवं." मग तुम्ही खुर्चीत बसलात. दम लागला होता. "बगा विहीणबाई, हिनं कधी रान बघितलं न्हाई. कधी बार न्हाई. जल्माला आल्यापासनं पेटीत. रुखवतातच म्हातारी झाली. एकदा पूजा तरी असू द्या की तिला."

 तुम्ही मऊ कापडानं नळी पुसलीत, तेलाचा हात फिरवलात, पेटी बंद केलीत. त्या गडबडीत माझं पेन पुसायचं राहिलं.

काही आठवड्यांनी कुवेतच्या कुणीतरी ती रायफल मागितली. वर्णन लिहायला आपण पेटी उघडली. हात मागं. हातमोजे. भिंग. आणि भिंग एका जागी थांबलं. मागच्या नेमाच्या, म्हणजे डोळा लावून रोखायच्या पट्टीच्या, बुडाशी, जिथे कापड पोचलं नव्हतं, तिथे तिळाएवढा तांबूस डाग. ओलं कुंकू कोपऱ्यात राहिलं होतं आणि त्यानं काळी झिलई खाल्ली होती. तुमचे डोळे मोतीबिंदूचे. त्या दिवशी ते तुम्हाला दिसलं नव्हतं. आता दिसलं. तुम्ही काडीच्या टोकाला कापूस लावून तिथे तेल टेकवलंत, बराच वेळ. मग म्हणालात, "लिवा."

खिडकीपाशी गाडी थांबवून आपण भांडलो ते हेच.

"लिहिते," मी म्हणाले. "नळीवर एक बारीक तांबूस डाग. पुरे."

"कशाचा?"

"डागाचा डाग. कशाचा म्हणजे काय?"

"तसं लिवलं की घेणारा म्हणंल, पेटीत दमट हवा शिरलीय. म्हंजे अबू नासेरच्या खोलीतल्या समद्याच नासल्या. ह्यो एका बोटाचा डाग हाय, वाढणारा न्हाई. तसं लिवा. पूजेचं कुंकू, बघणाऱ्यानं लावलं."

"त्यांच्या वस्तूची तुम्ही त्यांना न विचारता पूजा केलीत. हे त्यांना कागदावर वाचायला लावू? इतक्या वर्षांचं तुमचं नाव आहे त्या घरात. आणि नियम आपलाच आहे, डोळ्याला दिसतं तेवढं लिहायचं. कारण दिसत नाही."

तुम्ही पेला गाडीच्या टपावर ठेवायला हात बाहेर काढलात आणि तसाच परत आत घेतलात. "तुमी काय इचारता नेहमी? हजर हुता का? आता मी हजर हुतो. तुमीबी हुता."

 मी म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी बघू."

"बगू," तुम्ही म्हणालात आणि करक संपवलात. साखरेचा.

तो शुक्रवार आलाच नाही. आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी तुम्हाला हॉस्पिटलात नेलं. मी आले तेव्हा नळ्या होत्या, बोलता येत नव्हतं. मी काहीबाही बोलत राहिले. मीराचा दात पडला, नील सायकलवरून पडला. डागाचं बोलले नाही. तुमच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही. ठाऊक नाही ते लिहायचं नाही. म्हणून एवढंच लिहिते की तुम्ही माझ्याकडे बघत होता.

विक्रम मेलबर्नहून आला. तुम्हाला गावी न्यायचं होतं. इंग्रजी कागद सगळे मी बघितले, तेवढंच माझ्या हातात होतं. विमानतळाच्या मालाच्या बाजूला तुमची पेटी आणली, फळ्यांची, साधी. एका अधिकाऱ्यानं पेटीवरचा नंबर वाचला, दुसऱ्यानं कागदावरचा. मी उभी होते आणि माझे हात आपोआप मागे गेले. मग पाहिलं, पेटीच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा वाकड्यातिकड्या होत्या, एकीचं तोंड एकीकडे नाही. मला त्या पिळून सरळ कराव्याशा वाटल्या. मेंदू काय काय सुचवतो. विक्रमनं माझा खांदा धरला.

नंबर जुळले, बळवंतराव. कागद पुरे होते. मृत्यूचं कारण लिहायच्या ओळीत कारण लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यानं संकोच केला नव्हता.

मी गावी येऊ शकले नाही. पायांना तेवढा प्रवास झेपत नाही आता.

मग अबू नासेरचा निरोप आला. आधी ते स्वतः घरी येऊन बसून गेले होते, खजूर घेऊन. खाली मान घालून म्हणाले होते, "अबू विक्रम माझा भाऊ होता." या वेळी निरोप कामाचा होता. कुवेतचा माणूस येणार आहे. उम्म जेराल्ड, जेराल्डची आई, तो एक राहिलेला कागद पुरा करतील का?

घरी एक कागद मी आधीच लिहून ठेवला होता. 'नळीवर एक बारीक तांबूस डाग.' सुबक अक्षर, बाकी सगळं बरोबर. त्यात खोटं काहीच नव्हतं. तो दोन-तीनदा वाचला. खरं सांगते, तुमच्याबद्दलचा शेवटचा कागद तुमच्या चुकीचा असावा, हे मला सहन होत नव्हतं. तिथे हजर असलेल्या दोघांपैकी आता मी एकटी उरले होते. मी बोलले नाही, तर ते झालंच नव्हतं. डागाचं कारणही उरलं नसतं, आणि अनवाणी उभे असलेले तुम्हीही उरला नसता. हे दुसरं लक्षात आलं तेव्हा मी दुसरा कागद घेतला.

त्या खोलीत तुमची खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. मी अबू नासेरपुढे कागद ठेवला नाही. आधी तोंडानं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय, ते त्यांना इंग्रजीत समजावताना माझे शब्द अडखळत होते. बोट, कुंकू, राहिलेला कोपरा, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. चेहरा हळूहळू ताठ होत गेला. मला भीती वाटली.

त्यांनी विचारलं, "वाढेल तो डाग?"

"नाही. त्यांनी तेल लावून ठेवलंय."

"मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं नसतं."

"म्हणूनच विचारलं नसेल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंग घेतलं, पेटी उघडली आणि तो तीळ शोधला. बराच वेळ लागला. हातमोजे त्यांनी घातले नव्हते, पण हात लावलाही नाही. उठता उठता विचारलं, "का केलं त्यानं?"

तुम्ही जे म्हणालात ते मी सांगितलं. तिनं कधी रान बघितलं नाही. एकदा पूजा तरी.

अबू नासेर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग आपल्या डोक्यावरच्या गुत्र्याच्या टोकानं नाक पुसलं आणि म्हणाले, "तुम्ही हाजिर होता?"

"होते."

"खलास. मग लिहा."

मी लिहिलं: नळीवर मागच्या नेमाशी तिळाएवढा डाग. कारण: पूजेचं कुंकू, पारख करणाऱ्यानं स्वतः लावलेलं. वाढणारा नाही. एक पायरी खाली. रायफल कुवेतला गेली, त्या कागदासकट. मोल उतरलं. पण कागद तुम्हाला हवा होता तसाच.

आपलं भांडण तुम्ही जिंकलात, बळवंतराव. हे तुम्हाला करकच्या खिडकीपाशी सांगायला हवं होतं. मिशीत हसला असता.

तो कागद मी त्याच काळ्या पेनानं लिहिला. लिहून टोपी लावताना दिसलं, पट्टीच्या बुडाशी कुंकू आहे. या वर्षी पुसायचं राहिलेलं. मी कापड हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

मीरा, हे पेन पुढे तुझ्याकडे येईल. त्याचं वर्णन आताच लिहून ठेवते, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. पेटी नाही. कागद नाहीत. रोज वापरलेलं. टोपीच्या पट्टीखाली एक तांबडा डाग, खंडेनवमीच्या कुंकवाचा, तुझ्या आबांच्या बोटाचा. मी हजर होते. साफ करू नये.